मुख्यमंत्री सांगा कुणाचे

गौरीजेवण झालं की आमच्या घरातल्या माणसांचे दोन गट पडतात. एक, जागा मिळेल तिथे आडवा होणारा. दुसरा, जागा न मिळाल्यामुळे टीव्हीसमोर बसून राहणारा. यंदा दुसऱ्या गटात आम्ही पाच जण उरलो होतो : मामा, शेजारचे काका-काकू, माझी भाची आणि मी. भाची पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला वर्गात 'सिंहासन' बघून यायला सांगितलं होतं. तिने फोन टीव्हीला जोडला, काळंपांढरं चित्र आलं, तसा मामा आरामखुर्चीतून म्हणाला, "लाव, लाव. पण आधीच सांगून ठेवतो, पुस्तकाची पार वाट लावलीय."

एवढ्या एका वाक्यावर जे सुरू झालं ते संध्याकाळच्या आरतीपर्यंत पुरलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९ सालचा सिनेमा. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं, पटकथा विजय तेंडुलकरांची. मूळ ऐवज अरुण साधूंचा, आणि तोही एका पुस्तकाचा नव्हे. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन कादंबऱ्या एकत्र मळून ही एक कणीक तयार केलेली. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे म्हणजे अरुण सरनाईक. त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉ. श्रीराम लागू. कामगार पुढारी डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी. आणि या सगळ्यांच्या घरात, गाडीत, दालनात जाऊ शकणारा, सगळं कळणारा आणि फारसं काही करू न शकणारा बातमीदार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. खुर्चीचं काय होतं ते मी सांगणार नाही. इतक्या जुन्या सिनेमाचा शेवट लपवण्यात काय अर्थ आहे, असं भाचीचं म्हणणं. पण आमच्या काकूंनी तो पहिल्यांदाच पाहिला, म्हणजे आणखीही कुणी असतीलच. दिगूचं काय होतं ते मात्र पुढे येईल, त्याला इलाज नाही.

माझं मत पडद्यावरचं पहिलं चित्र हलायच्या आधीच तयार होतं, कारण मी कादंबरीकडून आलेली आहे. माझ्याकडे दोन्ही कादंबऱ्यांच्या ज्या प्रती आहेत त्या एका जुन्या वाचनालयाच्या. वाचनालयाने कपाटं रिकामी करायला काढली तेव्हा २० रुपयांना एक या भावाने मी त्या घेतल्या. कापडी पाठीची बांधणी, आत तारखांचे जांभळे शिक्के मारलेली चिठ्ठी, आणि मध्येच एका पानावर चहाच्या कपाचं अख्खं वर्तुळ. पण खरी मजा समासात आहे. तिथे वाचकांनी पेन्सिलीने नावं लिहिली आहेत. जिवाजीराव पहिल्यांदा येतात तिथे कुणी तरी बारीक अक्षरात 'वसंतराव' (म्हणजे मुख्यमंत्री नाईक) असं लिहिलंय. दुसऱ्या कुणी ते खोडून 'शंकरराव' (म्हणजे चव्हाण) केलंय. त्याखाली तिसऱ्या, जरा रागीट अक्षरात : 'दोघेही नाहीत. नीट वाचा.' डिकास्टापाशी मात्र सगळ्यांचं एकमत दिसतं, तिथे एकच शब्द आहे, 'जॉर्ज' (म्हणजे कामगार नेते फर्नांडिस), आणि तो कुणीही खोडलेला नाही.

राजकीय कादंबरी आपल्याकडे वाचली जाते ती अशी, ओळखपरेड घेत घेत. साधू स्वतः बातमीदार, इंग्रजी वर्तमानपत्रांतून मुंबईचं राजकारण जवळून पाहिलेले. त्यामुळे 'हे खरंच घडलंय आणि यांनी फक्त नावं बदललीत' ही वाचकाची खात्रीच. मला त्या पेन्सिलींचं तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्या खाडाखोडीत कादंबरीची खरी ताकद होती. जिवाजीरावांना चेहरा नव्हता. ज्याला जो मुख्यमंत्री टोचला असेल त्याने तो तिथे बसवावा. माझा जिवाजीराव थोराड होता, मानेवर घडी पडलेला, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. तो कुठून आला होता कुणास ठाऊक. बहुधा आमच्या बँकेच्या एका साहेबावरून.

आणि सिनेमात त्या खुर्चीत बसला कोण? 'पप्पा सांगा कुणाचे' म्हणणारा माणूस!

हे मी बोलले तेव्हा भाची हसली, पण मी विनोद करत नव्हते. 'घरकुल' १९७० चा. त्यातलं माडगूळकरांचं, सी. रामचंद्रांनी चाल लावलेलं ते गाणं म्हणणाऱ्यांत पप्पांचा आवाज स्वतः सरनाईकांचा आहे. आमच्या पिढीला घास भरवताना हे गाणं म्हटलं गेलंय. हसरा, देखणा, गळ्यात सूर असलेला कोल्हापूरचा माणूस. आमची आई त्याचं नाव घेताना नकळत पदर सारखा करायची. तो मुख्यमंत्री झाल्यावर त्याच्याविरुद्ध कट होतोय हे पाहून मला काय वाटणार? मला त्याची काळजी वाटायला लागली. निनावी फोन येतो, खुर्ची हलते आहे असं कळतं, त्याच्या कपाळावर आठी पडते आणि मी इकडे मनात म्हणतेय, सांभाळा हो, जिवाजीराव. कादंबरी वाचताना मला त्या माणसाबद्दल एकदाही असं वाटलं नव्हतं. तिथे मी त्याचा हिशेब मांडत होते. इथे मी त्याच्या बाजूने बसले होते.

ही माझी तक्रार. नट वाईट म्हणून नाही, नट फार चांगला म्हणून. सिनेमाने मुख्यमंत्री आवडता करून टाकला.

मामाने हे ऐकून घेतलं. मग वाटीतली सुपारी चिमटीत घेत म्हणाला, "अगं, मग बरोबरच आहे की. न आवडणारा माणूस अकरा वर्षं टिकतो होय त्या खुर्चीत? मी पाहिलेत ना. समोरून आले की राग विसरायला व्हायचा. दोन पावलं गेले की आठवायचा."

मामा मंत्रालयात होता. १९७४ मध्ये कारकून म्हणून लागला आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाला. मधली सगळी वर्षं डोंबिवलीहून गाडी, मग चालत मंत्रालय, संध्याकाळी तेच उलट. त्यामुळे 'सिंहासन'बद्दल बोलायचा पहिला अधिकार आपला, असं त्याचं मत आहे, आणि त्याची हरकत कुठल्याही समीक्षकाच्या हाती लागणार नाही अशी आहे. "या सिनेमात नस्ती कुठाय?" तो म्हणतो. नस्ती म्हणजे फाइल. मंत्री बोलतात, फोन करतात, रात्री एकमेकांच्या बंगल्यावर जातात, ते सगळं खरं. पण मंत्र्याचं बळ कशात असतं? तर कुठली नस्ती वर मागवायची आणि कुठली टेबलावर ठेवून घ्यायची यात. "एका नस्तीवर 'चर्चा करावी' एवढा शेरा मारला की माणूस सहा महिने हेलपाटे घालतो. खुर्ची जाते म्हणजे काय जातं? हा शेरा मारायचा हक्क जातो. आणि तेच यात नाही." हे सांगताना त्याने हवेत नस्तीची नाडी बांधून दाखवली : दोन वेढे, एक सरकगाठ, वरून अंगठ्याचा दाब. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी बोटं विसरलेली नाहीत.

मी म्हटलं, "मामा, तीन तास नस्त्या कोण बघेल?"

"मी," मामा म्हणाला. आणि मला खात्री आहे, तो खरंच बघेल.

१८ जुलै १९७८ ही तारीख मामाला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते. वसंतदादांचं सरकार पडलं आणि शरद पवार ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले, पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार आलं. वर्तमानपत्रांनी जे लिहायचं ते लिहिलं. मामाला आठवतो तो पाट्या रंगवणारा. दालनांबाहेर मंत्र्यांच्या नावाच्या पाट्या असतात. त्या बदलायला एक म्हातारा पेंटर यायचा, डबा आणि ब्रश घेऊन. त्या दिवशी त्याने एक जुनं नाव खरवडलं आणि नवं न लिहिता तसाच स्टुलावर बसून राहिला. मामाने विचारलं, का हो थांबलात? तो म्हणाला, खात्यांची यादी यायचीय, आणि आली तरी उद्या सकाळपर्यंत थांबतो, रंग वाया जातो. "हा माणूस तुमच्या तेंडुलकरांना भेटायला हवा होता," असं मामा आजही म्हणतो. खरं तर तेंडुलकरांनाही तो आवडला असता.

त्या सत्तांतराच्या पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. तेव्हा तो पाहणाऱ्यांना शोधाशोध करावी लागली नसणार. बाहेर वर्तमानपत्रात जे चालू होतं तेच आत काळ्यापांढऱ्यात. कादंबऱ्या आधीच्या, सत्तांतर मधलं, सिनेमा नंतरचा. तरी लोकांना वाटलं की सिनेमा त्या सत्तांतरावरच काढलाय. पेन्सिलीवाले वाचक आता थिएटरात बसले होते एवढंच.

भाचीला हा सगळा इतिहास नवा होता. तिचा प्रश्न साधा होता आणि मला तो फार आवडला. आमदारांची बेरीज-वजाबाकी सुरू झाली तशी ती म्हणाली, "पण मावशी, हे असे इकडून तिकडे जातायत, तर अपात्र नाही का ठरत?"

तिच्या डोक्यात दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा. ती राज्यघटनेत आली १९८५ मध्ये, ५२ व्या घटनादुरुस्तीने. या सिनेमातल्या आमदारांना तसला काही धाकच नव्हता. कुणी कुठेही जावं, किंमत ठरली की झालं. पुढे कायदा आला, त्यात एक तृतीयांश फुटले तर 'फूट' मान्य अशी पळवाट होती. २००३ मध्ये ती ९१ व्या दुरुस्तीने काढली, मंत्र्यांची संख्याही सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. भाचीने हे सगळं परीक्षेसाठी पाठ केलेलं. ती ते घडाघडा म्हणून दाखवत होती आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबली. कारण नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी तिने शाळेत असताना टीव्हीवर पाहिला होता, आणि जून २०२२ मध्ये आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले तेव्हा तिची कॉलेज प्रवेशाची धावपळ चालू होती.

"म्हणजे कायद्याने फक्त प्रवासखर्च वाढला," काका म्हणाले. ते तोवर गप्प होते.

काकांचं सांगते. ते गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली त्यांतले ते एक, आणि परत आत न गेलेल्यांतलेही एक. नंतर त्यांनी एका सोसायटीत पंप चालवला, दुधाची लाइन टाकली, मुलीचं शिक्षण केलं. डिकास्टा पडद्यावर आला की ते खुर्चीत पुढे सरकून बसत होते. दुभाषींचं काम त्यांना आवडलं. 'ती फुलराणी'त प्रोफेसर झालेला नट हाच, हे कळल्यावर तर जास्तच. पण सिनेमा नाही आवडला.

"पुढारी उठला, संप. पुढारी बसला, संप मिटला," ते म्हणाले. "पत्त्यांच्या डावात एक पान म्हणून संप दाखवलाय. हुकूम कोणाच्या हातात, एवढीच गोष्ट. अहो, पण संपात घरी काय शिजतं, ते?"

मी बचाव केला. म्हटलं, काका, हा सिनेमा १९७९ चा, तुमचा संप नंतरचा, त्यांना कसं माहीत असणार. काका म्हणाले, मी त्यांना दोष देत नाही, मला बघवत नाही इतकंच. यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

पण त्यांच्या बोलण्यातून मला एक गोष्ट लक्षात आली. 'मुंबई दिनांक'मध्ये शहर जास्त आहे. तिथे मुख्यमंत्री हा शहरातल्या अनेक माणसांपैकी एक, आणि त्याच दिवसांत, त्याच हवेत बाकीचेही आपापल्या खटपटीत जगत असतात. सिनेमात वस्ती आहे, तस्करी आहे, एका छोट्या भूमिकेत कोवळा नाना पाटेकरसुद्धा आहे. (भाचीने "नाना!" म्हणून इतक्या जोरात ओरडून दाखवलं की आतल्या खोलीत झोपलेली मंडळी उठली.) पण दोन पुस्तकं एका सिनेमात बसवायची तर काही तरी आखडणारच, आणि इथे शहर आखडलं, खुर्ची रुंद झाली. कादंबरी वाचताना मला वाटायचं की मुंबई नावाच्या मोठ्या उद्योगात हे राजकारण हा एक विभाग आहे. सिनेमा पाहताना वाटतं, राजकारण आहे आणि त्याच्या खिडकीतून मुंबई दिसते. काकांना घरची चूल दिसली नाही ती त्यामुळे. मला हे आधी कधीच नेमकं सांगता आलं नव्हतं. वीस वर्षं मी नुसतंच 'पुस्तक जास्त चांगलं' म्हणत आले होते.

काकूंचं मत सगळ्यांत लहान. बराच वेळ त्या डुलक्या घेत होत्या. 'उषःकाल होता होता' लागलं तशा सरळ झाल्या, पूर्ण गाणं न हलता ऐकलं आणि संपल्यावर म्हणाल्या, "हे एवढंच माझं." सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल, आशाताईंचा आवाज, गाणं त्यांना माहीत होतं, कुठल्या सिनेमातलं ते माहीत नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "सगळे पुरुषच बोलतायत. बाई बोलली ती फक्त गाण्यात, आणि ती दिसत नाही." बायका आहेत सिनेमात. रीमा लागूंना पाहून भाचीने "ही तर सगळ्यांची आई!" म्हटलंच. पण खुर्चीच्या खेळात त्या नाहीत. पुस्तकांबद्दलही मला हेच म्हणता येईल, तेव्हा सिनेमाला एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. तरी काकूंनी ते एका झोपेतून उठून पकडलं आणि मी इतक्या वेळा पाहून पकडलं नव्हतं, हे नमूद करते.

आता दिगू. खरं भांडण दिगूवरूनच.

भाचीला दिगूचा राग आला. पत्रकार होऊ घातलेल्या मुलीला यावा तसा. "याला सगळं माहितीय. मग हा छापत का नाही? नुसता फिरतोय, सगळ्यांची दारू पितोय आणि डोळे मोठे करून बघतोय." शेवटी दिगू हसत सुटतो, वेड लागल्यासारखा. तेव्हा ती म्हणाली, "हसला आणि सुटला. हे सोपं झालं."

मामा उसळला. "सुटला? अगं, तो वेडा झालाय!"

"वेडं होणं म्हणजेच सुटणं, आजोबा. उद्या सकाळी त्याला ऑफिसला जायला नको."

मामाला हे लागलं. तो जन्मभर उद्या सकाळी ऑफिसला गेलेला माणूस. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "त्याचं आडनाव टिपणीस आहे. टिपणीसाचं काम काय? टिपणं. आम्ही पण टिपणीच लिहायचो. आपलं मत खाली लिहायचं, वरच्याने ते कापायचं, पुन्हा स्वच्छ टंकून द्यायचं. सगळं माहीत असून न छापणारे आम्ही काही थोडे नव्हतो."

मी दोघांच्या मध्ये. मला वाटतं दिगूच्या बाबतीत सिनेमाने पुस्तकावर मात केली आहे, आणि ती निळूभाऊंच्या जोरावर. कादंबरीकार पात्राच्या डोक्यात शिरून काय चाललंय ते सांगू शकतो. कॅमेऱ्याला ती सोय नाही. त्याच्याकडे निळू फुल्यांचे डोळे होते फक्त, आणि ते पुरले. शिवाय आणखी एक गंमत, जी १९७९ च्या प्रेक्षकाला चटकन कळली असणार. १९७५ च्या 'सामना'मध्ये हेच दिग्दर्शक, हेच लेखक, आणि हेच दोन नट, फक्त उलटे. तिथे निळूभाऊ साखरसम्राट हिंदुराव आणि डॉ. लागू त्याला प्रश्न विचारत राहणारे मास्तर. चार वर्षांत पाट अदलाबदल. ज्या माणसाला पाटलाच्या वाड्यात बघून बायका पडद्याला शिव्या घालायच्या, त्याला आता काखेत झोळी देऊन सत्तेच्या दारात उभं केलं. त्यामुळे दिगूच्या भल्या चेहऱ्यामागे मला कायम हिंदुरावाची सावली दिसते. याला हा खेळ कळतो, कारण याने तो खेळलाय, असं काहीसं. हे पुस्तकात असणं शक्यच नाही. ते नटाच्या अंगावर चढलेल्या जुन्या भूमिकांचं पुट आहे, आणि सरनाईकांच्या 'पप्पां'बद्दल जी माझी तक्रार तीच इथे माझी दाद. सोयीने बोलतेय, मान्य.

त्या हसण्याबद्दल एक सांगायलाच हवं. जून २०२२ मध्ये आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दिगूच्या हसण्याची तीच ती चित्रफीत एका दिवसात दोनदा आली. सकाळी मामाने टाकली. दुपारी माझ्या मोठ्या दिरांनी. मामा आणि दीर यांची राजकीय मतं इतकी उलटी की लग्नकार्यात त्यांना एका पंगतीला बसवत नाहीत. दोघांनीही खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लावली होती. मामाच्या हिशेबाने दिगू दिरांच्या पक्षाला हसत होता, दिरांच्या हिशेबाने मामाच्या. नंतर दोघांनी एकमेकांच्या संदेशाला अंगठाही दिला. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेणाऱ्याचं आडनाव आणि सिनेमातल्या मुख्यमंत्र्याचं आडनाव एकच निघालं तेव्हा तर ग्रुपवर उधाण आलं होतं. मी त्या दिवशी पेन्सिलीवाल्या प्रती काढून समास पुन्हा पाहिले. वसंतराव, खोडून शंकरराव, दोघेही नाहीत. कादंबरीच्या समासात जागा जिवाजीरावांपाशी होती. सिनेमात तिथे सरनाईक बसल्यावर ती जागा सरकली आणि दिगूच्या हसण्यापाशी गेली. आता नाव तिथे लिहायचं.

हे मी त्या दुपारी बोलून दाखवलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण तोवर चहा आला होता आणि काकू आरतीच्या तयारीला उठल्या होत्या. भाचीने मात्र वहीत काही तरी लिहून घेतलं आणि विचारलं, "मग पुस्तक वाचू की नको?"

"वाच," मी म्हटलं. "मामाला विचार, वाट कुठे कुठे लावलीय ते तो सांगेल."

मामा सुपारी शोधू लागला. वाटी समोरच होती.

"मामा?"

"तसं अगदी सलग असं नाही," मामा म्हणाला. "कॅन्टीनमध्ये चर्चा व्हायची तेव्हा. सगळे म्हणायचे पुस्तक वेगळं आहे."

म्हणजे १९७९ पासून हा माणूस न वाचलेल्या पुस्तकाच्या बाजूने भांडत होता! भाचीने त्याची जी खेचली ती मी लिहीत नाही, त्याच्या वयाचा मान म्हणून. जाताना तो गुपचूप माझ्या कपाटापाशी गेला, दोन्ही प्रती काढल्या, कापडी पिशवीत घातल्या आणि "बघतो" म्हणून निघाला. समासात काही लिहू नकोस, मी बजावलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या नस्तीवर मी आयुष्यात कधी खाडाखोड केलेली नाही.

दिवाळीच्या आधी पिशवी परत आली. प्रती होत्या तशा, समास होते तसे. 'सिंहासन'च्या पहिल्या पानाला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी होती. वर डाव्या कोपऱ्यात तारीख, उजवीकडे 'तातडीचे नाही', आणि खाली मामाचं गोल, सरळ रेषेत चालणारं अक्षर :

'१. दोन्ही पुस्तकांचे अवलोकन केले.
२. चित्रपटाबाबत यापूर्वी दिलेला अभिप्राय कायम ठेवण्यात येत आहे.
३. तथापि, वाचताना सर्व ठिकाणी सरनाईकच दिसले. त्यास इलाज नाही.
परत.'